उतारा

गाळ्याची फरशी ईशान्येला उतरते.
मुलांच्या हातून पेन्सिली सुटल्या की
तिसऱ्या बाकाखालून घरंगळत
त्याच कोपऱ्यात जातात,
मोरीच्या बुजवलेल्या तोंडापाशी.
मी म्हणते, आणा जाऊन. पुढचा उतारा वाचा.

तलाठ्याकडच्या उताऱ्यावर पहिलं नाव
होरमसजी मोदन, अबकारी मक्तेदार.
हा माणूस मांजरीत एक रात्रही राहिला नाही.
महिन्यातून एकदा टांगा यायचा कॅम्पातून,
नाकाला रुमाल लावून तो उतरायचा,
पिंपात काठी बुडवून शिंदी मोजायचा
आणि ओली काठी पुसायला
शिपायाच्या धोतराचा सोगा मागायचा.
उतार त्यानंच काढून घेतला,
सांडलेलं एका तांब्यात धुऊन जावं म्हणून.

मग राजय्या गौड.
कमरेला दोर, पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे.
नदीकाठची एकशे चौदा झाडं
त्याला तोंडपाठ. एका झाडाला तो वहिनी म्हणायचा,
छेव देण्याआधी पाया पडायचा.
मालक झाला तरी झाडावर स्वतःच चढायचा.
एकोणपन्नास साली बंदी आली
तेव्हा त्यानं दोर आढ्याला टांगला
आणि दारावर रंगवून घेतलं : नीरा विक्री केंद्र.
नीरा प्यावी ती उन्हं वर यायच्या आत.
राजय्याकडे गिऱ्हाईक यायचं
दिवेलागणीनंतर.

त्याची सून द्वारका.
देशीचा परवाना तिच्या नावावर झाला,
कारण नवरा आधीच मालात बुडालेला.
तीन बाकडी, उकडलेली अंडी,
पेपरच्या तुकड्यावर मीठ,
आणि गल्ल्याशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
शनिवारी कारखान्याचा पगार व्हायचा.
‘अर्धा इकडं,’ ती म्हणायची,
आणि गडी, जे घरात कुणाचं ऐकत नसत,
मुकाट्यानं अर्धा डब्यात टाकत.
रविवारी सकाळी मागच्या दारानं बायका.
आई मला घेऊन जायची.
द्वारकामावशी थुंकी लावून नोटा मोजायची,
नोटांना शेंगदाण्याचं तेल.
आईनं कधी आभार मानले नाहीत.
मावशीनं कधी वाट पाहिली नाही त्यांची.
उरलेला अर्धाही
तिच्याच गल्ल्यात राहायचा,
हे गणित मला चौथीत सुटलं.

दोन हजार तीन. शाळेत मतदान, फक्त बायकांचं.
चिठ्ठीवर दोनच चित्रं : उभी बाटली, आडवी बाटली.
रांग पिंपळापर्यंत गेलेली.
द्वारकामावशीही रांगेत, जरीकाठी नेसून;
गावची मतदार होती, येणारच.
कुणी पुढं जागा दिली, कुणी पाठ केली.
बाहेर आली तर बोटाला शाई,
आईपाशी थांबून एवढंच बोलली :
‘यमुने, शिक्का नीट उमटला का गं?’
आई काय म्हणाली ते आईनं सांगितलं नाही.
मावशीनं कुठं मारला, ते तर
आजही दोन तटांत भांडण आहे.

आडवी जिंकली.
रात्री ती डबा काखोटीला मारून
घरोघर फिरली.
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती,
तरी आमच्या नावावर
त्र्याऐंशी रुपये निघाले.
आईनं ते दोनदा मोजले. मग दिवाच मालवला.

आता गाव महापालिकेत आहे.
मी मावशीच्या नातवाला भाडं देते,
चौथी ते सातवी, मराठी आणि गणित.
राजय्याच्या हुकाला महाराष्ट्राचा नकाशा.
एक म्हातारा सातच्या सुमारास
सवयीनं पायरीवर चप्पल काढतो,
आत मुलं बघतो, चप्पल घालतो.

चैत्रात फरशी पुसली
की त्या कोपऱ्यातून आंबूस वास येतो,
अगदी बाबा घरी आल्यासारखा.
मुलं नाकं दाबून हसतात.
खिडकी माझ्या हाताशी आहे.
मी ती लगेच उघडत नाही.